तुमच्यात मला कुठे ठेवतात?

लाडक्या आत्ये,

उद्या सकाळी मी जव्हारला निघतोय. तिकडच्या पाड्यांवर मिशनचं काम करायला, कायमचा. बॅग भरून झाली, तुझी तुळस शेजारच्या कविताकडे दिली. बदलापूरच्या मांजर्लीतल्या या घरात आता मी आणि तुझा फोटो. तुला सांगितल्याशिवाय मी कधी कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा गेलो नाही, मग आज कसा जाऊ? शिवाय तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. त्याच्यासाठी महिनाभर थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?

छातीत दुखत होतं ना तुझ्या? मग मला का नाही सांगितलंस? "गॅस झालाय रे," म्हणत ओवा चावत बसलीस. अख्ख्या बिल्डिंगला डॉक्टरकडे पिटाळणारी बाई तू. मला याचा अजून राग येतो, आणि राग आला की तुझी जास्तच आठवण येते.

तसा मी तुझ्या गळ्यात पडलो तोच पार मोडलेला. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवायचा माझा छोटा कारखाना होता, तो बसला. मशिनी भंगारात गेल्या. रूपाली माहेरी गेली ती परत आलीच नाही, पुढे कोर्टाचे कागद आले. आईबाबा आधीच गेलेले. तेव्हा तू, बाबांची एकुलती एक बहीण, बदलापूरहून रिक्षा करून आलीस आणि घरमालकासमोरच मला म्हणालीस, "कपडे भर, घरी चल. आणि आधी दाढी कर, भूत दिसतोयस."

माझं काही होईना म्हणून तू सगळे देव पालथे घातलेस. शंकराचं झालं, स्वामींचं झालं, गुरुवार झाले. मग भाजीवालीने तुला सांगितलं की अंबरनाथच्या चर्चमध्ये बुधवारची नोव्हेनाची प्रार्थना केली की अडलेली कामं होतात. झालं. नऊ बुधवार मला पुढे घालून नेलंस. ठसठशीत कुंकू लावून तू पहिल्या बाकावर, हातात मेणबत्ती, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, "देवा, याला नोकरी लाव. बायकोचंही बघ, जमलं तर." मला कुठे तोंड लपवू असं व्हायचं.

नोकरी लागली नाही. पण शेवटच्या बुधवारी फादरनी मला खुर्च्या उचलायला थांबवलं, आणि रविवारी पालेगावला सोबत चल म्हणाले. तिथे नव्या टॉवरच्या मागे मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. एक बाई तापाने फणफणलेली, नवरा कामावर. मी तिला दवाखान्यात नेलं, सलाईन संपेपर्यंत बसलो, तिच्या मुलीला बिस्किटं चारली. परत येताना लक्षात आलं, कारखाना बुडाल्यापासून पहिल्यांदाच मला दिवसभर स्वतःचं काही आठवलं नव्हतं. आत्ये, त्या दिवशी मला काय झालं ते मी तुला कधी नीट सांगू शकलो नाही. कोणीतरी हाक मारली आणि ती मलाच मारली, एवढंच कळलं. मग मी जातच राहिलो.

बाप्तिस्मा घेतो म्हणालो तेव्हा तू दोन दिवस नुसती भांडी आपटलीस. तुझा पुतण्या नंदूदादा म्हणाला, "काकी, पोरगं हातचं गेलं." तर तू त्याच्यावरच उखडलीस. "गेलं कुठे? समोर बसून भाकरी खातंय ना? नोकरी मागायला मीच नेलं त्याला, देवाने स्वतःकडेच ठेवून घेतलं. आता कोणाशी भांडू?"

आणि बाप्तिस्म्याला आलीससुद्धा, माझ्या लग्नात घेतलेली हिरवी साडी नेसून. प्रसादाच्या रांगेत उभी राहून फादरना विचारलंस, "ती पांढरी चकती मला पण मिळेल का?" फादर हसले, तुझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी आशीर्वाद दिला. चकती बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळते, म्हणून तुला नाही दिली, ही तक्रार तू बाहेर येईपर्यंत करत होतीस.

मग रिक्षात एकदम माझ्याकडे वळलीस. "विजू, खरं सांग. तुमच्यात माझ्यासारखीला मेल्यावर कुठे ठेवतात रे?"

मी रस्त्याकडे बघायला लागलो. तू माझ्या गुडघ्यावर थाप मारलीस. "नाही येत ना? मग आधी हे शिकून घे. नंतर जा लोकांना शिकवायला."

तू मस्करी केलीस, पण मला ते लागलं गं. जव्हारला जातोस का, असं फादरनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी टाळलं. त्यांना वाटलं, आत्या एकटी पडेल म्हणून. तेही होतंच. पण तिथल्या एखाद्या म्हातारीने मला हेच विचारलं असतं तर? पुस्तकं वाचली, प्रार्थना केली. उत्तरं मिळायची, पण तुझ्यासमोर बसून तुला सांगता येईल असं एकही नव्हतं.

आणि मग तू गेलीस. नंदूदादाने अग्नी दिला, मी खांदा दिला.

तेरावं झाल्यावर फादरनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "फादर, माझी आत्या देवाच्या घराबाहेर उभी आहे असं मला तिथे शिकवावं लागणार असेल, तर मी नाही जात. दुसरा कोणी बघा." सगळं गमावल्यावर हे एकच काम मला मनापासून सापडलं होतं, आणि तेच मी सोडून देत होतो.

फादरनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, चिडले. मग म्हणाले, "विजय, तुला तिची एवढी माया. ज्याने तिला घडवली, त्याला तुझ्यापेक्षा कमी असेल का?" आणि टेबलावरचं पेन उचललं. "रविवारची मिस्सा तिच्यासाठी ठेवतो. पूर्ण नाव सांग."

रविवारी वेदीवरून तुझं नाव वाचलं, आतोबांच्या नावासकट. अख्ख्या चर्चने तुझ्यासाठी प्रार्थना केली. मागच्या बाकावर नंदूदादा येऊन बसला होता, हात जोडून. मी पोटभर रडलो.

तर हे माझं उत्तर, उशिरा आलेलं. पाड्यावरच्या म्हातारीने विचारलंच, तर मी आधी तिच्याजवळ बसेन, तिची माणसं कशी होती ते ऐकेन, आणि मग तिला तुझं सांगेन. कोणालाही घराबाहेर उभं करणार नाही, हा माझा शब्द.

आणि देवाकडे मागायचं कसं, ते तुझ्याकडून शिकलोय. भीड ठेवायची नाही. म्हणून रोज त्याला सांगणार आहे, आत्येला जिथे ठेवली असशील, तिथेच मलाही ठेव.

तुझाच,
विजू