हिमायतनगरच्या मास्तरांचे शब्द

दादा, तुमचा गुडघा कसा आहे? तिकडे जिने नसावेत. आईचा दमा बसला का? आणि आत्या अजून पडल्या पडल्या सगळ्यांना औषधं सांगते का? इकडे मी ठीक. साखर जरा चढलेली, चष्म्याचा नंबर वाढलेला. बाकी कोषागारातून निवृत्त झालेली बाई असावी तितकी ठणठणीत आहे.

तुम्ही गेलात तेव्हा घरात कॉम्प्युटर नव्हता, म्हणून आधी सांगते मी काय करून राहिले ते. आपल्या भागातल्या बोलीचा एक शब्दकोश चालवते, मोबाइलवर उघडणारा, फुकट. त्याचा प्रोग्रामही सगळ्यांना खुला. कुणीही बघावा, सुधारून पाठवावा. शिकवलं कुणीच नाही, चुकत चुकत शिकले. मूळ प्रत आमच्या लहानशा सर्व्हरवर असते आणि तिची नक्कल एका मोठ्या संकेतस्थळावर, कारण माणसं तिथेच येतात. प्रत्येक बदलाला करणाऱ्याचं नाव चिकटलेलं असतं. मूळ प्रत रोज पहाटे आपोआप नकलेवर चढते, आणि नकलेत काही वेगळं सापडलं तर मागच्या महिन्यापर्यंत ते पुसून चढायची. मीच तसं बसवलं होतं. म्हणून नियम असा की बदल तिथे आला तरी स्वीकारायचा इथे, मूळ प्रतीत.

नियम तुमचाच, आठवतं? मी नववीत आहे, तुम्ही कामाला होता त्या वजिराबादच्या छापखान्यात शाळेच्या स्मरणिकेची दोन प्रुफं घेऊन बसले आहे. थोड्या दुरुस्त्या या प्रुफावर चढवते, थोड्या त्या. कंपोझिटर एकच प्रूफ बघून अक्षरांचे खिळे बदलतो आणि हेडमास्तरांच्या निम्म्या दुरुस्त्या हवेत जातात. तुम्ही ओरडत नाही. "दुरुस्ती कुठंही सुचू दे बाई, चढवायची एकाच प्रुफावर. आन् कुणी केली ते समासात लिहायचं. उद्या विचारायचं कुणाला?" संध्याकाळी तुम्ही मला, तुमच्या लेकीला, लाल-निळी पेन्सिल दिलीत, माझी स्वतःची.

आणि तरी मागच्या महिन्यात मी तेच केलं. हिमायतनगरच्या एका शाळेतले मास्तर आहेत; त्यांच्या वर्गातल्या पोरींनी घरोघरच्या आज्यांना विचारून शब्द गोळा केले आणि मास्तरांनी ते संकेतस्थळावर पाठवले. वाचून मी इतकी हरखले, की तिथलंच 'स्वीकारा'चं हिरवं बटण दाबून मोकळी झाले. शब्द नकलेत गेले, मूळ प्रतीला पत्ताच नाही. पहाटे मूळ प्रत चढली आणि सगळे पुसले गेले. अकराला फोन.

"काकू, माझे शब्द कुठं गेले वो? वर्गात पडदा लावून दाखवून राहिलो तर पान कोरं! पोरी म्हणतेत, सर, लई फेकता तुम्ही."

"मशीनचं काहीतरी झालं असेल, बघते," मी म्हणाले.

यादी त्यांच्या मेलमध्ये होतीच. बसल्या बैठकीला मूळ प्रतीत टाइप करून टाकली आणि वर चहा पिला. दुपारी पुन्हा फोन.

"शब्द आले काकू, पण नाव तुमचं हाय की. आता पोरी म्हणतेत, सरांनी काकूंचेच शब्द ढापले!"

पुढचं मात्र मला नीट येतं, दादा. मास्तरांच्या खात्यावर त्यांची स्वतःची प्रत होती, तिच्यात त्यांचा बदल नावासकट शाबूत होता. माझं टाइप केलेलं मागे घेतलं, त्यांचा बदल उचलून मूळ प्रतीत आणला आणि तिथेच जोडला. नाव त्यांचं, तारीख त्यांची, खाली वर्गाचा उल्लेख. मग ते हिरवं बटण सगळ्यांसाठी बंद केलं, माझ्यासाठी आधी. पहाटेच्या चढवण्यालाही सांगितलं, वेगळं काही दिसलं तर पुसायचं नाही, थांबायचं आणि मला कळवायचं. आता अशी चूक आमच्याकडे पुन्हा होत नाही, हे मी छातीठोक सांगते. मास्तरही खूश. "पोरी पुढची यादी करून राहिल्यात," म्हणाले.

एक राहिलं. त्यांना अजून वाटतं, शब्द मशीनने खाल्ले. वर्गातही त्यांनी तसंच सांगितलंय, माझ्या भरवशावर. बटण कुणी दाबलं ते संकेतस्थळावर त्यांच्या बदलाच्या पानावर लिहिलेलं आहे, पण ते काही उघडून बघणार नाहीत, हे मला माहीत होतं. तुम्हाला सांगणं सोपं, म्हणून आधी तुम्हाला लिहायला बसले. हे पत्र टाकायला पेटी नाही. ते इथेच वहीत राहील. पण इथवर लिहून उठले आणि मास्तरांना मेल केला: मशीनचा दोष नव्हता, बटण मीच दाबलं होतं, नंतर खोटं बोलले, पोरींना हे सांगा. धाडून अर्धा तास झाला, उत्तर आलं का ते तीनदा बघून आले. मेलच्या शेवटी लिहिलंय, रागावला असाल तरी लवकर लिहा.