डब्यातला वाटा

ता. ४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक असं लिहायची सवय आहे, पण या वेळी हात धजत नाही.

आमच्या हॉटेलात गिऱ्हाइकांची टिप एका डब्यात पडते आणि शनिवारी सगळ्यांत वाटली जाते: वेटर, आचारी, भांडी घासणाऱ्या मावशी. मॅनेजरने त्यातलं काही घ्यायचं नाही, असा नियम आहे. भावजींना मॅनेजर केलं, पण पगार एका पैशाने वाढवला नाही. मालक म्हणाले, डब्यातून भागव. तेव्हापासून भावजी दोन वाटे उचलतात आणि मावशींच्या हाती चिल्लर येते.

पोरं कामगार कार्यालयात तक्रार देणार आहेत. पुढच्या सोमवारी माझी सही मागतायत. केली तर भावजींची नोकरी जाईल, नाही केली तर या लोकांत कोणत्या तोंडाने वावरू? खोली आमची एकच. रात्री दोघेही जागे असतो आणि दोघेही घोरण्याचं सोंग करतो.

लोभ आहेच, या पत्राने कमी करू नकोस.
तुझा धाकटा

ता. ८

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं. पगार वाढला, असं ह्यांनी मला कळवलं होतं. त्या भरवशावर मी मुलीची शाळा बदलली.

मला भीती वाटते. भाडं, फी, सासूबाईंची औषधं, काहीच थांबणार नाही. तरी तू सही कर. आपली आई लोकांची खरकटी काढत होती. मावशींच्या वाट्यातून माझ्या मुलीची फी नको.

मात्र ह्यांच्या पाठीमागे काही करू नकोस. हे पत्र त्यांच्या हातात दे, आणि जेवायला लाव. चूक स्वतःची असली की हे जेवणावर रुसतात, ही जुनी खोड आहे.

आशीर्वाद तुला, राग ह्यांना.
तुझी ताई

ता. २१

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दिलं. भावजींनी दोनदा वाचलं आणि उपाशीच भिंतीकडे तोंड करून पडले. तू सांगितलंस खरं, पण एवढ्या मोठ्या माणसाला भरवू कसा?

सोमवारी सहीला गेलो तर कागदावर आधीच एक सही होती. भावजींची. मालकांनी पगारवाढीऐवजी डब्यातून घ्यायला सांगितलं आणि आपण घेतलं, असं त्यांनी स्वतः लिहून दिलं होतं. मी त्याखाली सही केली.

मॅनेजरकी गेली. नोकरी आज आहे, उद्याचं माहीत नाही.

काल डबा उघडला. भावजी रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभे राहिले. मिळालेला वाटा त्यांनी मावशींपुढे धरला आणि म्हणाले, बाकीचंही असंच फेडीन. मला वाटलं मावशी नको म्हणतील. त्यांनी पैसे मोजून घेतले, पदराला गाठ मारली आणि भावजींना म्हणाल्या, आता जेवून घ्या.

भावजी जेवले, ताई.

लोभ दोघांवरही असू दे.
तुझा धाकटा