गच्चीवरची मोरस

आई, तुझं एक म्हणणं मी खोटं पाडलं. मोरस माझ्या गच्चीवर रुजली. नुसती जगली नाही, चांगली कोवळी, लालसर शेंड्यांची झाली, आणि काल तिच्या वड्याही झाल्या.

मला अजून दिसतं, तू मिठागराच्या बांधावर वाकली आहेस. खाऱ्या चिखलात आपसूक उगवलेल्या मोरसेची बारीक, रसरशीत पानं खुडून ओटीत टाकते आहेस. "एक रोप घरी नेऊया ना," मी म्हणते. तू हसतेस. "ती खाडीची हाय. लाड केले का मरते. घरात न्हाय नांदाची." पुढे मी पहिल्यांदा मोरसेची भाजी केली आणि सवयीने मीठ टाकलं. बाबा घासागणिक पाणी पीत जेवले. तू मात्र सगळ्यांसमोर म्हणालीस, "मिठागरावरची पोर तू, आन मोरसेत मीठ घालतंस? तिच्या अंगातच मीठ असतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मिठागर नाही. तिथे भराव पडला, गोदामं उभी राहिली. तो भराव टाकायला दादाचाही ट्रक होता. त्या बांधावरचं, तुझ्या हाताखालचं काहीतरी आपल्याकडे उरावं म्हणून मी हट्टाला पेटले. इथे मांडव्याला, माझ्या सासरच्या खाडीकाठची रोपं चिखलासकट आणून मासळीच्या फुटक्या खोक्यात लावली. गोडं पाणी घातलं, ती कुजली. दुसरी आणून नुसतं खारं घातलं, ती करपली. दादा म्हणाला, "गच्चीवर गवत लावाचं तेवढं ऱ्हायलं व्हतं." मग अर्धं खारं, अर्धं गोडं घालायला लागले, आणि बाईसाहेब नांदल्या.

काल दादाला मुद्दाम जेवायला बोलावलं. वडी तोंडात गेली. आणखी एक घेतली, आणखी एक. मग ताटाकडे बघतच म्हणाला, "आईची हाय गो." मला इतका आनंद झाला की मी पुन्हा तवा चढवला. जिंकले मी, तेही तुझ्याशी पैज लावून.

तुझी राख सोडली त्या खाडीवर जाऊन हे तुला वाचून दाखवणार होते. पण ते राहू दे, हा कागद मिठाच्या डब्याखालीच बरा. अर्ध्या गोड्या पाण्यावर वाढलेली ती मोरस, आई, अळणी निघाली. दादा यायच्या आधी मी पिठात मीठ घातलं, चांगलं सढळ हाताने.