चौदा पॉइंटाची प्रस्तावना

अमरावती, ४ ऑगस्ट २०२४

चि. प्रणालीस अनेक आशीर्वाद.

आईच्या भजनांच्या पुस्तकाचे प्रूफ मिळाले. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितो. चाळीस वर्षे छापखान्यात शिशाची अक्षरे जुळवली, पण असे पान मी कुणा गिऱ्हाइकाला दाखवले नसते! भजने नऊ पॉइंटात? दोन ओळींमध्ये आम्ही शिशाची पट्टी घालायचो, तू ती जागाच खाल्लीस. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसला आहे. कार्तिकात मोझरीच्या उत्सवात भजनी मंडळाच्या बाया पुस्तक हातात धरून गाणार; साठीच्या डोळ्यांना हे दिसेल का? आईने पान पाहिले, पालथे घातले आणि उठून गेली. कॉम्प्युटर घेतला म्हणजे अक्कल येत नाही.

जावईबापूंना नमस्कार. बोललो ते मायेपोटी, असे समज.

भगवंतराव

अकोला, ८ ऑगस्ट

ती. बाबांना सा. न.

तुमचे पत्र वाचून डोके फिरले. एकच फर्मा, सोळाच पाने, हा हट्ट कोणाचा? त्यात शीर्षकाचे एक पान, तुमची प्रस्तावना पाच पाने, तीही चौदा पॉइंटात, ऐसपैस. उरलेल्या दहा पानांत बेचाळीस भजने कशी कोंबू? सात काढली, तेव्हा कुठे बाकीची मावली.

आणि मुखपृष्ठ? तुम्हीच आखून पाठवलेत: संकलक भगवंतराव छत्तीस पॉइंट, आईचे नाव बारा. बारा पॉइंट म्हणजे इंचाचा सहावा भाग, हे तुम्हीच शिकवलेत ना? भजने रचणाऱ्या बाईला तेवढीच जागा? मला लाज वाटली, बाबा. प्रस्तावनेला कात्री लागल्याशिवाय मी कामाला हात लावणार नाही.

गोळ्या वेळेवर घ्या. भांडले तरी लोभ आटू देऊ नका.

प्रणाली

अमरावती, १२ ऑगस्ट

चि. प्रणालीस आईचा आशीर्वाद.

तुह्यं पत्र बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. मुखपृष्ठाचं गाळलं, ते मी मागून वाचलं.

छत्तीस का बारा, यावरून बापलेक भांडून राहिले. मले कोणी पुसलं? सात भजनं काढली म्हणतेस, कोणाले इचारून काढली? मी प्रूफ पालथं काहून घातलं, ते आता ऐक. अक्षर बारीक होतं म्हणून नाही. चतुराबाई गेली तवा रचलेलं भजन त्यात नव्हतं. तीस वर्षं ती माह्या बाजूले बसून खंजिरी वाजवत होती. मोझरीले आमी बाया तेच गाणार होतो.

मले लय राग आला. प्रस्तावना मी फाडली. बाबा कालपासून रुसून बसले, बसू देत.

भजनांची वही माह्याजवळ आहे. रविवारी अमरावतीले ये आणि माह्यासमोर बसून कर. फर्मे दोन. अक्षर सोळा पॉइंट. कंपोझिटरच्या बायकोले एवढं समजते. पहिल्या पानावर चतुराबाईचं भजन, त्या पानावर दुसरं काहीच नको.

माया आहेच, पण राग अजून गेला नाही.

तुही आई,
जमुना