हत्तींचा शेवटचा कळप

४ जानेवारी, सकाळी ७
आजपासून रोज लिहिणार. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो, खरं करिअर आता सुरू. मुलगी मैत्री जीवाश्मांवर पीएचडी करते. तिच्या टीमबरोबर मीही नदीकाठच्या खड्ड्यावर जातो. नामशेष हत्तींची हाडं. माझा सिद्धांत तयार: म्हातारी हत्तीण आडवी पडली, कळप तिला सोडून गेला नाही. सगळे तिथेच मेले.
मैत्री फक्त "बघू" म्हणाली.

१२ जानेवारी
लांब हाडं सगळी एकाच दिशेला. मरतानाही काय ती शिस्त! मैत्री म्हणाली, नदीही तिकडेच वाहायची. योगायोग. पोरीला अनुभव कमी.

१९ जानेवारी
जबडे, दाढा भरपूर. बरगड्या आणि मणके जवळपास नाहीतच. तरसांनी नेले असणार. मैत्री म्हणते, पाण्याने. मला पाणी शिकवते! चौतीस वर्षं कालवे काढले. प्रयोग करून तिचं तोंड बंद करणार.

२५ जानेवारी
गच्चीवर पत्र्याची पन्हळ, खाली वाळू, वर पाण्याची मोटर. हाडं बकऱ्याची. बायकोने, आम्रपालीने, ती हाडं स्वयंपाकघरातून न्यायला बंदी केली.
मणके दोन मिनिटांत पसार. बरगड्या पाठोपाठ. पायांच्या नळ्या वळून प्रवाहाच्या दिशेला लागल्या. जबडा जागचा हलला नाही.
मोटर जुनी आहे.

२ फेब्रुवारी
नवी मोटर. अकराव्यांदाही तेच. आमच्या वारज्याचं पाणीच विचित्र. कुणाला सांगायची गरज नाही.

८ फेब्रुवारी
नारायण पेठेत माझं व्याख्यान. कळपाचं वर्णन दोनदा केलं. एका आजोबांनी विचारलं, बरगड्या कुठे गेल्या? तरस म्हणालो, आणि दुजोऱ्यासाठी मैत्रीकडे बोट दाखवलं.
ती उभी राहिली. "पाण्याने नेल्या. बाबांनीच अकरा वेळा करून पाहिलंय."
गच्चीवरच्या प्रयोगाचा व्हिडिओ आम्रपालीने तिला पाठवलेला. घरातच फितुरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणासाठी, विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी
आठवडाभर दोघींशी अबोला. दोघींच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

१६ फेब्रुवारी
मैत्री जबड्यांचे फोटो घेऊन आली. काही घासून गुळगुळीत, म्हणजे लांबून वाहत आलेले. काहींच्या कडा अजून धारदार. एक तर हत्तीचा नाहीच, पाणघोड्याचा. एकेका जबड्यामधे कदाचित हजारो वर्षांचं अंतर.
मी विचारलं, मग कळप?
तिने फोटो एकावर एक रचले. मग हळूच म्हणाली, "बाबा, ते एकमेकांना कधी भेटलेच नसतील. नदीने आणून एकत्र ठेवलं त्यांना."
चौतीस वर्षं नदीशी प्रामाणिक होतो. तिने हे करावं?
जाताना मैत्रीने विचारलं, गच्चीवरचा प्रयोग रिसर्च पेपरमध्ये तुमच्या नावाने घालू का? पुरावा पक्का आहे म्हणे. म्हणजे माझा कळप मोडायला साक्षीदार मीच.
संमतीपत्रावर सही केली.