उन्मळलेल्या मुळांचं माप

नॉरशोपिंग, १४ जानेवारी २००५

तीर्थस्वरूप आल्वारदादास,
सा. न. वि. वि.

वादळापासून तुमचा फोन लागत नाही, म्हणून पत्र. रोज सकाळी उठून नंबर फिरवते आणि रोज पलीकडे नुसती शांतता. दादा, बरे आहात ना दोघं? एल्मरीडहून कोणाचीच खबर नाही, माझा जीव टांगणीला लागलाय. दोन ओळी का होईना, पण लिही.

इथे हवामान कचेरीत आमची निराळीच फजिती झालीय. वादळ किती मोठं होतं ते सांगणं आमचं काम, आणि तुमच्या भागातली वारा मोजणारी यंत्रं ऐन जोरात वीज गेल्यामुळे बंद पडली. काटा चढत चढत गेला आणि मग काहीच नाही. नकाशावरच्या त्या कोऱ्या जागेत तुमचं घर होतं. आता पडलेल्या झाडांवरूनच वाऱ्याचा जोर काढायचाय. म्हणून एक काम सांगते. झाडं मधे मोडलीत की मुळासकट उपटलीत ते बघ. उपटली असतील तर मुळाखालचा खड्डा किती खोल आहे ते टेप लावून मोज आणि कळव. तुझं रान तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?

वहिनींना नमस्कार.
तुझ्या शिव्यांचीही वाट पाहणारी,
गुन्वोर

एल्मरीड, १८ जानेवारी

चि. गुन्वोरला,
अ. उ. आ.

आहोत, धडधाकट आहोत. तुझं पत्र टपालवाल्यानं फाट्यावर ठेवलं होतं, पायी जाऊन आणलं. अलीकडे रस्ता म्हणजे नुसती आडवी झाडं. वीज नाही, फोन नाही, रेडिओच्या बॅटऱ्याही संपल्या. चुलीवर बटाटे उकडतो आणि बेरीच्या मुरंब्याशी खातो. तुझी वहिनी म्हणते, लग्नानंतर इतकं समोरासमोर आपण कधी बसलोच नव्हतो, आणि आता पुरे झालं.

वादळात आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाखाली बसून होतो. आधी एकेक झाड पडल्याचा आवाज यायचा, मग वेगळा असा आवाजच येईना. मी ब्रिटाला सांगत होतो, काही नाही, होईल शांत. पण माझे दात वाजत होते ते तिला ऐकू गेलेच असणार. सकाळी दार उघडलं तर आजोबांनी लावलेलं रान नाही. खिडकीतून आता थेट स्टूरेचं घर दिसतं. उठल्याउठल्या शेजाऱ्याचं थोबाड बघायचं, हे नुकसान तेवढं तुझ्या हिशेबात धर.

झाडं मोडली नाहीत, उपटली. यंदा जमीन गोठलीच नव्हती, चिखल होता नुसता. एकेक मूळ मातीसकट भिंतीएवढं उभं राहिलंय. उन्हाळ्याच्या आत खोडं बाहेर काढली नाहीत तर कीड लागेल, म्हणून मी आणि स्टूरे उद्यापासून मोटारीच्या करवती घेऊन जातोय. तुझे खड्डेही मोजतो. बाईसाहेबांचा हुकूम!

काळजी करू नकोस. दादाचा जीव आहे तुझ्यावर, तो कुठे जात नाही.
आल्वार

एल्मरीड, २२ जानेवारी

प्रिय गुन्वोर वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न विचारता लिहितेय. घाईत खरडलंय, अक्षर लावून घ्या.

काल दुपारी मी कॉफी घेऊन रानात गेले. स्टूरेभाऊजी आडव्या खोडाशी करवत चालवत होते, माझ्याकडे पाठ, कानांवर आवाज अडवणारी झाकणं. हे कुठे दिसेनात. मग उभ्या मुळामागे ह्यांची लाल टोपी दिसली. वन्सं, हे खाली खड्ड्यात टेप लावून बसले होते. तुम्ही शाळेपासून शहरात, तुम्हाला कोण सांगणार? ते मूळ उभं असतं ते खोडाच्या भारानं. खोड कापलं की मूळ झटक्यात मागे जातं आणि आपल्या जागी, खड्ड्यात बसतं. ह्यांना वाटलं, स्टूरे पलीकडच्या झाडाशी आहे. भाऊजींना वाटलं, हे कॉफी प्यायला घरी गेले.

मी घसा फोडून ओरडले. कोणाला ऐकू जाईना. शेवटी हातातला थर्मास फेकून मारला, तो भाऊजींच्या हेल्मेटवर आदळला. ते शिव्या देत वळले, करवत थांबली, पण खोड निम्म्याच्या वर कापलं गेलं होतं आणि आपोआप कडाडायला लागलं. हे कोपरांवर सरपटत कसे वर आले, देव जाणे. पाय बाहेर निघाला आणि मूळ धप्पकन खाली बसलं. माझ्या पायाखालची जमीन हलली. तिथे आता खड्डा नाहीच, नुसता बुंधा उभा आहे, जणू काही झालंच नव्हतं.

भाऊजी तिथंच बसून लहान मुलासारखे रडले. एरवी माझ्या कॉफीला नावं ठेवतात. काल घरी येऊन दोन कप मागून घेतले. म्हणाले, गुन्वोरला कळवू नकोस, तिच्या मनाला लागेल. तुमच्यावर राग नाही हो. पण वन्सं, खड्डा मोजायला परत कोणाला सांगू नका.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची ब्रिटा

नॉरशोपिंग, २५ जानेवारी

तीर्थस्वरूप दादास आणि सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र कचेरीत उभ्याउभ्या वाचलं. दादा, तू हे माझ्यापासून लपवणार होतास? भांडण मग करू, आत्ता रडायलाही वेळ नाही.

वहिनी, परत कोणाला सांगू नका म्हणालात. मी सांगून बसलेय हो. दादाचं पत्र आलं, माप मिळणार म्हणून मला हुरूप चढला, आणि दादाला सांगितलेलंच काम मी पत्र लिहून तुमच्या भागातल्या रानमालकांना घरोघर कळवलं. खड्ड्यात टेप लावून मोजा, खाली माझी सही. साहेबांनी शाबासकीसुद्धा दिली. ती पत्रं काल-परवाच पोचली असतील.

रेडिओवर सांगायला लावलंय, पण बॅटऱ्या काय फक्त तुमच्याच संपल्या असतील? सैनिक रस्ते मोकळे करताहेत, त्यांनाही कळवलं. ते म्हणाले, वाट होईल तसे पोचू. मला नाही धीर धरवत. मी आत्ताच गाडी काढतेय. उत्तरेकडून सुरुवात करते, रस्ता संपेल तिथून पायी. दार ठोठावून सांगायचं, खड्ड्यात उतरू नका. पण जिथे मला उशीर झाला असेल, तिथे दारात उभी राहून काय सांगू? दादा, मला फार भीती वाटतेय.

तळ्यापलीकडची घरं तू बघ. स्टूरेला सोबत घे. जिथे करवतीचा आवाज येईल, तिथे आधी जा.

लोभ, आशीर्वाद सगळं नंतर मागेन. हे वाचून होताच निघ.
गुन्वोर