सोबत आलेला

३ जून
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
तुझ्याच रुग्णालयात संसर्ग रोखणारी सिस्टर म्हणून मला तीन महिने झाले. तू तिथे वीस वर्षं मुख्य सिस्टर होतीस, म्हणून तुलाच विचारते. इथल्या नोंदवहीत प्रत्येक संसर्ग ‘सोबत आलेला’, म्हणजे पेशंटने घरूनच आणलेला! एक आजोबा मोडलेला पाय घेऊन आले. लघवीची नळी आपण घातली, पाचव्या दिवशी ताप चढला, तरी ‘सोबत आलेला’. नळी काय पिशवीत घालून आणली होती त्यांनी?

मी म्हटलं, महिन्यात किती जणांना संसर्ग इथे लागला ते दारातल्या फळ्यावर लिहू. मोठे डॉक्टर म्हणाले, पेशंट पळतील. मी फार मागे लागले तेव्हा त्यांनी तीन महिने दिलेत. आकडा उतरला नाही तर फळाही जाणार आणि मीही. हा ‘सोबत आलेला’ शब्द काढला तरी कुणी गं?
माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भिंगरी

९ जून
चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.
तो शब्द माझा. एका बाळंतिणीचे टाके चिघळले, आमच्याच हातून. खरं लिहिलं असतं तर दोन नव्या मुलींची नोकरी गेली असती. मी ‘सोबत आलेला’ लिहून मोकळी झाले. ती बिचारी सहा आठवडे तापाने फणफणत होती, बाळाला जवळ घेता येत नव्हतं. पुढे सगळ्यांनी माझाच कित्ता गिरवला. मला लाज वाटते.

फळा लाव. आणि वॉर्डातलं बेसिन चादरींच्या कपाटामागे आहे, तिथवर हात धुवायला कोण मरायला जातंय? ते आधी पुढे आण. नळी घातलेल्या प्रत्येकाच्या उशाशी रोज सकाळी विचार, ही अजून कशाला? डॉक्टर वैतागतील. वैतागू देत.
एवढं वाचूनही लोभ उरला असेल तर तो ठेव.
आत्या

१४ सप्टेंबर
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
जिंकलो! पहिल्या महिन्याचा ‘अकरा’ लिहिताना माझा खडू दोनदा मोडला. एका मुलाने फळा वाचून वडिलांना दारातूनच परत नेलं. मोठे डॉक्टर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण बेसिन पुढे आलं, नळ्या वेळेवर निघू लागल्या. दुसऱ्या महिन्यात सहा, आता दोन! फळा कायमचा राहील, असं मोठ्या डॉक्टरांनी आज सगळ्यांसमोर सांगितलं. तो मुलगाही वडिलांना घेऊन परत आला. म्हणाला, बाकीच्या रुग्णालयांत कुणी आकडा सांगायलाच तयार नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशनचं आता तरी मनावर घे. सहा वर्षं टाळते आहेस. आणि लोभ तर तुझ्याकडून हक्काने मागते.
भिंगरी

२० सप्टेंबर
चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.
का टाळलं ते तुला कळलं असेलच. त्या शब्दाआड काय असतं ते मला ठाऊक होतं. आता येते. मात्र सांगून ठेव, न धुतलेले हात माझ्याजवळ आणणाऱ्याची खैर नाही.
आत्या

५ डिसेंबर
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
कालच्या तपासणीत तुझी गुडघ्याची जखम स्वच्छ निघाली आणि मी तिथेच रडले. तू पलंगावरून मोठ्या डॉक्टरांना हात धुवायला परत पाठवलंस, ते वॉर्ड अजून विसरलेला नाही. ते आता दारातूनच ओले हात दाखवत आत येतात. गेल्या महिन्याचा फळा त्यांनी स्वतः लिहिला. इथे लागलेला: शून्य. आणि त्याखाली, सोबत आलेला: आत्याचा धाक.
तुझी भिंगरी